राक्षस आमच्या घरचा

चित्रकथांच्या सुरुवातीच्या काळात पनवेलात एक चित्रकार होऊन गेले, असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. ते म्हणजे बाबांचे मित्र, आमचे काका, आणि ते कुठेही गेलेले नाहीत. पंच्याऐंशीचे आहेत, शेजारीच राहतात आणि रोज माझ्या बाबांशी पत्त्यांत लबाडी करतात.

काकांना माणूस समोर असल्याशिवाय चित्र काढता येत नसे. राजपुत्र हवा असला की ते स्वतःच आरशापुढे उभे राहायचे. राक्षस मात्र बाबा. मिठागरावरून आलेले बाबा झुपकेदार मिशा आणि ढेरी घेऊन स्टुलावर चढत, खांद्यावर गदा म्हणून आईचं मुसळ, आणि खदाखदा हसल्यासारखा जबडा उघडा ठेवून अर्धा अर्धा तास उभे राहत. सेनापती काढतोय, असं काकांनी सांगून ठेवलं होतं. बाबांना पुस्तकांचं वावडं, त्यामुळे हे खपून गेलं. मी सगळी पुस्तकं काकांच्या घरी वाचायचे आणि गप्प राहायचे. बोलले असते तर पुढचं पुस्तक मिळालं नसतं.

यंदा वाचनालयाने काकांच्या मूळ चित्रांचं प्रदर्शन भरवलं. आयुष्यातलं पहिलंच, पण काकांची झोप उडाली. आदल्या दिवशी मला म्हणाले, बाबांना काहीही करून घरी ठेव, या वयात मला दुसरा मित्र कुठून मिळणार? मी काय ठेवणार? बाबांनी टोपीसुद्धा इस्त्री करून आणली होती.

दारातच भलंमोठं चित्र. राजपुत्राची तलवार राक्षसाच्या पोटात. बाबा चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले. काका खांबाआड.

"पेंटर, बाहेर ये," बाबा म्हणाले. "मिशी माझी हाय, पोट माझा हाय. राक्षस तर राक्षस, माझा काय म्हनना नाय. पन या काडीपैलवानाच्या हातून मी मरनार? आरशात बघितलंस कवा सोताला?"

काकांनी खांबाआडूनच विचारलं, "मग काय करू?"

"नवीन काढ. आत्ता."

कागद आला, पेन्सिल आली. बाबा खुर्चीवर जबडा उघडून बसले. राजपुत्राला चित्र काढायचं होतं, म्हणून त्याच्या जागी मी. भर सभागृहात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, बाबांच्या काखेत मान अडकवून मी पाऊण तास वाकून उभी होते आणि काका सारखे ओरडत होते, राजपुत्रा, हसू नकोस.