पोकळ दस्ता

कुठलीही वस्तू हाती आली की आमच्या शेजारचा सुतार आधी ती तळहातावर तोलून बघायचा. मग मान हलवून म्हणायचा, "भाऊसाहेब, लाकूड फार झालंय." असे लोक तुम्हीही पाहिले असतील, कुणाचंही काम त्यांना अर्धवटच वाटतं. आमचं पोळपाट त्याने असंच उचलून नेलं आणि दोन दिवसांनी निम्म्या वजनाचं करून आणून दिलं. माझ्या बायकोने त्याचं कौतुक वर्षभर केलं. माझं तिने एवढं कधी केलं नाही.

मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. बंदुकांचे परवाने माझ्याच हातून जात. त्यात त्याचाही एक होता. खाडीपलीकडे कळव्याला त्याचं भाताचं शेत होतं, आणि रानडुकरं पीक ठेवत नसत, म्हणून छऱ्यांची जुनी बंदूक. पण एका घराच्या आढ्यावरून पडल्यापासून त्याचा खांदा कायमचा दुखावला होता. ती अवजड बंदूक त्याला पेलवेना.

तेव्हा त्याने ओसरीवर बसून बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या लाकडी दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी काढली आणि गिरमिटाने आतलं लाकूड कोरायला घेतलं. मी समोरच सुपारी कातरत बसलो होतो. बाहेरून दस्ता होता तसाच, आतून मात्र पोकळ.

"हलकी झाली की धक्का जास्त बसेल, मिस्त्री."

"बसंल ना. पण आधी उचलता तर यायला पायजे."

पट्टी पुन्हा बसवून त्याने बंदूक माझ्या हातात दिली. खरंच हलकी झाली होती. मी तसं म्हणालो, तर स्वारी अशी खूश झाली की मला आत बोलावून गूळ-खोबरं दिलं.

पुढच्या तपासणीला कचेरीत नवा साहेब होता. बंदूक हातात घेताच त्याला वजनाचा संशय आला. त्याने पट्टी काढायला लावली.

"यात काय लपवून नेत होतास?"

"काय नाय, साहेब. आतलं काढलंय फक्त. ठेवलं काय नाय."

"याला साक्षीदार कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. नाव घेतलं नाही, नुसतं पाहिलं. माझी बढती त्या साहेबाच्या हातात होती. मी मान खाली घालून टाक दौतीत बुडवला. परवाना रद्द झाला, बंदूक जप्त झाली, आणि दोन्ही हुकूम माझ्याच वळणदार अक्षरात लिहिले गेले. मी भित्रा होतो. याला दुसरा शब्द मला आजवर सापडलेला नाही.

त्या वर्षी डुकरांनी शेत पार तुडवून टाकलं. पुढच्या वर्षी त्याने लावणीच केली नाही. रस्त्यात भेटला की रामराम मात्र करायचा. तो रामराम मला शिवीपेक्षा जास्त लागायचा.

मला बढती मिळाली. मग एक दिवस साहेबाने बोलावलं. त्याच्या मडमेला शिकारीची हौस आली होती आणि बंदूक तिला जड होत होती.

"तो दस्ता पोकळ करणारा सुतार कुठे असतो?" साहेब हसत म्हणाला. मी "आणतो करून, साहेब" म्हणालो आणि बंदूक घेऊन त्याच्याकडे गेलो.

त्याने मला हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने निमूटपणे काम केलं, आणि नेहमीसारखं चोख केलं. पट्टी बसवण्याआधी मात्र तो थांबला आणि दस्ता माझ्यापुढे धरला.

"बोट घाला आत, भाऊसाहेब. नीट बघून घ्या. उद्या मडमेला कुणी विचारलं, तर साक्षीदार पायजे."

मी बोट घातलं. गिरमिटाने तापलेलं लाकूड अजून गरम होतं.