बर्फावरचे दुखरे घोटे

मी लिहावं असं माझ्याकडे फार काही नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि लिहायला बसलो ते स्वतःच्या घोट्यांवर. वाचणाऱ्यांचा वेळ घेतोय, तेवढं सांभाळून घ्यावं.

पुण्याच्या एका मॉलमध्ये बर्फावर स्केटिंग करायची जागा आहे. तिथं शनिवार-रविवारी पडलेल्यांना उठवायला, लहान मुलांचा हात धरायला माणसं लागतात. मला महिनाभर शिकायला घेतलं होतं. शेवटी परीक्षा. भिंतीला हात न लावता पाच फेऱ्या मारायच्या. पास झालो तर काम कायम, आणि काम कायम झालं तरच कॉलेजचं दुसरं वर्ष. नाहीतर शिक्षण सोडून एखाद्या कंपनीत पूर्ण वेळ कामाला लागायचं, असं घरात ठरलं होतं.

कॉलेज शिरूरला, खोली पुणे-शिरूरच्या मधे शिक्रापूरला. पहिल्याच दिवशी बर्फावर उभा राहिलो आणि दोन्ही घोटे आतल्या बाजूला कलंडले. बुटाखालचं पातं एवढं अरुंद, की सगळा भार घोट्यांवर यायचा. बुटाची कड हाडावर घासून कातडं लाल झालं. परत येताना एसटीत जागा नव्हती. खोलीचा जिना मी कठड्याला धरून एकेक पायरी चढलो.

सुट्टीला गावी, कवठ्याला गेलो तेव्हा वडिलांनी घोटा अंगठ्यानं दाबून पाहिला. तरुणपणी ते मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत गेलेले. पायांचं त्यांना कळतं, हे घरात कुणी सांगायची गरज नाही.

"गारठा शिरलाय आत," ते म्हणाले. "बर्फच हाय म्हणल्यावर दुसरं काय हुणार? लोकर बांध."

त्यांनी जुन्या घोंगडीच्या दोन पट्ट्या कापून दिल्या. आमच्याकडे कुठलाही अवयव दुखला की पहिल्यांदा त्याला लोकर लागते. मी मोज्यांवर पट्ट्या गुंडाळायचो आणि त्यावर बूट चढवायचो. बूट बसेना म्हणून एक नंबर मोठा मागून घेतला. घोटे जास्तच दुखायला लागले. पट्टीची शंका एकदाही आली नाही. आपणच कच्चे आहोत असं वाटायचं. मी सकाळी उठून आधी पाय हलवून बघायचो, आज चालता येईल का म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात शिकवणाऱ्या मॅडमनी बूट काढायला लावले.

"हे काय भरलंय?"

"घोंगडी."

"घोंगडी? बुटात?"

"वडिलांनी दिलीय, मॅडम."

"अरे, ह्याच्या बुटातनं मेंढी निघाली!" मागून एक जण ओरडला. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की जाड कापडामुळं पाय बुटात हलतो, म्हणून घोटा कलंडतो. पातळ मोजा घाल, बरोबर मापाचा बूट घे, घोट्याजवळ लेस घट्ट ओढ आणि वर जरा सैल ठेव. दात घासताना एका पायावर उभा राहत जा. एवढंच. पण हातात एकच आठवडा उरला होता आणि घोटे आधीच सुजलेले.

त्या आठवड्यात वडिलांचा रोज फोन. "पट्टी बांधतोयस न्हवं?" मी "व्हय आप्पा" म्हणायचो. खोटं बोलल्याचं घोट्यांपेक्षा जास्त टोचायचं.

परीक्षेत चार फेऱ्या नीट झाल्या. पाचवीत डावा घोटा वळला आणि माझी बोटं भिंतीला लागली. फार नाही, जेमतेम. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि "कळवू" म्हणाल्या.

त्या दिवशी फोनवर मी वडिलांना सगळं खरं सांगितलं. पट्टीचंही.

"आन् दोन आठवडं तसाच बांधत बसला?" ते म्हणाले. "येड्या, मी कवा बर्फावर गेलतो?"

मला हसू आलं, पण हसायचंही त्राण नव्हतं. नंतर दहा दिवस काहीच कळलं नाही. दुसऱ्या वर्षाचा प्रवेश अर्ज भरून दप्तरात ठेवला होता, द्यायचा धीर होत नव्हता.

अकराव्या दिवशी दुपारी कॉलेजमध्ये असतानाच मॅडमचा फोन आला. भिंतीला हात लागला, म्हणून बर्फावर घेता येणार नाही. पण लोकांना मापाचे बूट देऊन लेस बांधून द्यायला कायमचा माणूस हवाय, शनिवारपासून ये.