परीक्षेआधीचे चार दिवस

दर तीन महिन्यांनी माझी साखर तपासायची असे आणि त्याआधीचे चार दिवस मी साधूसारखा जगे. कारल्याचा रस, अर्धी भाकरी, सातपूरच्या आमच्या कारखान्यात बिनसाखरेचा चहा. पाचव्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं की तिथून थेट मिसळ, दोन पाव आणि शेवटी जिलबी. रिपोर्ट झकास यायचा. बायको तो फ्रिजवर लावून आल्यागेल्याला दाखवायची. मी शेजारी उभा राहून लाजायचो. लाजणं मला फार छान जमतं.

एका सकाळी पार्किंगपासून कारखान्याच्या गेटपर्यंत मी एकाच पायात चप्पल घालून चालत गेलो.

"साहेब, दुसरी नवसाला सोडली का?" वॉचमन म्हणाला.

मी त्याच्याहून मोठ्यानं हसलो. परत गेलो, तर चप्पल स्कूटरजवळच पडलेली. ती पायातून निसटल्याचं मला कळलंच नव्हतं. ती घालताना हसू आलं नाही.

बायकोला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण मुलगी. डोळे मिटा म्हणाली. तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवीन, जाणवलं की सांगा. मी ठसक्यात सुरू केलं, "हो. हो. हो."

"काका, मी अजून सुरुवात केलेली नाही."

अंगठ्याखाली दोन ठिकाणी मला काही कळत नव्हतं. मग तिनं रक्ताची वेगळी तपासणी करायला लावली. तीत मागच्या तीन महिन्यांची साखर दिसते, चार दिवसांच्या साधूला तिथं कोणी विचारत नाही. निकाल पाहून बायकोनं घरी फ्रिजवरचे कागद एकेक करून काढले.

"अहो, मला कशाला फसवलंत? मी काय मार्क देणार होते?"

मी ते कागद गोळा करून रद्दीत ठेवले.

डॉक्टरनं गोळ्या बदलल्या. "गेलंय ते परत येईलच असं नाही, पण आहे ते राखता येईल." मी मिसळीचं विचारलं. "खा. दोन तासांनी घरी साखर मोजा, मग तुम्हीच ठरवा."

पहिल्या रविवारी दोन पाव आणि जिलबी खाऊन मोजली. आकडा बायकोनं चष्मा पुसून पुन्हा वाचला. पुढच्या रविवारी एकच पाव, मटकी भरपूर, जिलबी नाही, आणि गंगापूर रोडवरून घरापर्यंत पायी. आकडा शहाण्यासारखा वागला. मला तो खेळ आवडू लागला. कळत नसलेली जखम तर झाली नाही ना, म्हणून रोज संध्याकाळी बायको माझे तळवे निरखते, मी पाय पुढे करून महाराजांसारखा बसतो.

सहा महिन्यांनी पुन्हा तो दोरा. डोळे मिटलेले होते, पण डॉक्टरची बांगडी अंगठ्यापाशी किणकिणली. 'हो' अगदी ओठांवर आलं. ते गिळलं.

"इथं टेकवला असशील, पण मला कळलं नाही."

बाहेर बायको उभीच होती. "किती ठिकाणी?"

"दोन."

"तीच?"

"तीच. तिसरं नाही."

तिनं माझ्या चपलांकडे एकदा पाहून घेतलं, दोन्ही पायांत होत्या. "चला मिसळ खायला," ती म्हणाली. "पाव एकच."