गोंदमावशीच्या नावाचं फूल

संग्रहालयाच्या वनस्पती विभागात सगळे तिला गोंदमावशी म्हणत. वाळलेली रोपं जाड कागदावर बसवायची आणि देठांवर कागदी पट्ट्या चिकटवायच्या, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. शिक्षण बेताचं, पण नजर अशी की भल्याभल्या पदवीधरांनी तोंडात बोट घालावं. सूर्यफुलाच्या कुळातल्या दोन पिवळ्या रानफुलांना तर तिने घरातल्याच दोन बहिणी करून टाकलं होतं. वरून दोघी हुबेहूब सारख्या. थोरलीचं पान केसाळ आणि बीवरच्या केसांना पिसासारखे फाटे. धाकटीचं पान गुळगुळीत, केस साधे.

अकरा वर्षांपूर्वी विभागप्रमुख सरांना एका कागदावर तिसरीच दिसली. पान थोरलीचं, केस धाकटीचे! सरांनी नवी जात जाहीर केली आणि तिला चक्क मावशीचं नाव दिलं. "वहिनी पुस्तकात जाऊन बसल्या, आता आम्हाला कशाला ओळखतील?" असं धाकटा दीर अजूनही चिडवायचा. नात तर भेटेल त्याला सांगत सुटायची, माझ्या आजीच्या नावाचं फूल आहे म्हणून. पण पुढे ते फूल कुणालाच सापडलं नाही. सर दरवर्षी डोंगर पालथे घालायचे आणि हात हलवत परत यायचे.

आज एक तज्ज्ञ बाई तो कागद तपासायला येणार होत्या. त्यांनी मान डोलावली की जात पक्की. सकाळी कागद टेबलावर मांडताना मावशीला वाटलं, आपलं फूल एकदा भिंगातून बघावं. भिंग सरकत वर आलं आणि एका जागी थांबलं. फुलाच्या मानेभोवती बारीक चकचकीत कडं होतं. गोंद होता तो, आणि तिचाच होता.

मग सगळं आठवलं. कामाला लागली त्या वर्षी ती हंगामी होती. हातातून ट्रे निसटला आणि दोन फुलं देठापासून तुटली. एकाचा पार चुरा झाला. नोकरी जाईल या धास्तीने तिने उरलेलं फूल समोर दिसलं त्या देठावर घाईघाईने चिकटवलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. थोरलीच्या धडावर धाकटीचं डोकं! तिसरी कधी नव्हतीच.

तेवढ्यात बाई आल्याच.

"मावशी, पंखा बंद करा हं," सर म्हणाले. तिने बटण दाबलं. बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. आधी पान पाहिलं. मग सुई हळूहळू देठावरून वर सरकली, मानेपाशी आली. सुई थांबली आणि पुढे बियांकडे गेली.

"पान केसाळ, बीवरचे केस साधे. बरोबर आहे. अभिनंदन, सर."

मावशीचा जीव भांड्यात पडला. आता गप्प बसलं की झालं.

"यंदा मी पुन्हा जाणार," सर हसून गुडघा चोळत म्हणाले. "डॉक्टर नको म्हणताहेत. पण निवृत्त होण्याआधी ते फूल जिवंत बघायचंय मला."

"सर, जाऊ नका," मावशी म्हणाली. "ते सापडणार नाही."

"का?"

"मानेला गोंद आहे. मी लावलाय."

बाईंनी पुन्हा भिंग उचललं आणि या खेपेला बराच वेळ मान पाहिली. मग म्हणाल्या, "ओल्या कापसाने सोडवता येईल?"

मावशीने ओला बोळा मानेला लावला. दोन मिनिटं तसाच धरून ठेवला. मग फूल अलगद सुटून तिच्या हातात आलं. ते सुटावं असं तिला वाटत नव्हतं, अगदी शेवटपर्यंत.

"तुमचं नाव जाईल, मावशी," सर कोरड्या आवाजात म्हणाले.

"माहितेय सर."

ओळख चुकलेल्या कागदावर दुरुस्तीची चिठ्ठी लावतात आणि चूक ओळखणाऱ्याने त्यावर आपलं नाव लिहायचं असतं. बाईंनी कोरी चिठ्ठी पुढे सरकवली. सवयीने मावशीने ती सरांपुढे ठेवली. सरांनी खिशातलं पेन काढलं, पण लिहिलं नाही. पेन तिच्या हातात दिलं आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"लिहा. ओळखलंत तुम्ही."

सव्वीस वर्षांत असल्या हजारो चिठ्ठ्या तिने लावल्या होत्या, सगळ्या दुसऱ्यांच्या नावाच्या. आपलं नाव लिहायला तिला वेळ लागला, आणि अक्षर थोडं वाकडं आलं.