बिनमापाची चोळी

जयनगरच्या बाजारात विनोदकुमार महिंद्रकरचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. घराण्याच्या तीन पिढ्या बंगळूरात गेल्या. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड. माणूस सुखी, म्हणजे अगदी दृष्ट लागावी असा. बायको कावेरी हसतमुख, मुलगी भार्गवी दुकानात हाताशी आलेली, साखर नाही, बीपी नाही. कुणी तक्रार विचारली तर बिचाऱ्याला ती आठवून सांगावी लागायची.

एक मात्र होती, आणि तीच कुणाला सांगण्यासारखी नव्हती. गेल्या दिवाळीपासून भवानीसमोर उभं राहिलं की त्याला काही वाटेनासं झालं होतं. पूर्वी आरतीत डोळे भरून यायचे. आता तो पुढच्या माणसाच्या सदऱ्याची शिलाई बघत राहायचा. बरं, घरात कुणी गेलं नव्हतं, संकट नव्हतं, देवीशी भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

धीर करून त्याने एकदा कावेरीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, रात्री लवकर जेवत जा. पित्त असेल." त्याने आठवडाभर साडेसातला जेवून पाहिलं, फरक शून्य.

अशात नवरात्र जवळ आलं. समाजाच्या देवळात देवीची नवी चोळी महिंद्रकरांच्या घरचा कर्ता माणूस शिवतो. रीत अशी की मूर्तीला टेप लावायची नाही, जुनी चोळीही समोर ठेवायची नाही. खण घेऊन देवीपुढे बसायचं, अंगावर काटा येईपर्यंत. काटा आला की कात्री उचलायची. "ती सांगते, आपण कापायचं," असं वडील म्हणायचे. एकतीस वर्षं विनोदकुमारने असंच कापलं, आणि चोळी एकदाही चुकली नाही. देव कुणी पाहिलाय, असं कुणी म्हणालं की तो त्या चोळीकडे बोट दाखवायचा.

यंदा तो सकाळी सातला बसला. नऊ वाजले. काटा नाही. पायाला मुंग्या तेवढ्या आल्या. देवळाचं सगळं बघणाऱ्या सरस्वतीबाई दोनदा डोकावून गेल्या. "सावकाश होऊ दे, विनोदण्णा. स्वल्प कॉफी आणू?" त्याने नको म्हटलं. हात जोडून तो देवीला मनात म्हणाला, आई, काहीतरी कर. काही झालं नाही. शेवटी बाहेर माणसं खोळंबली म्हणून त्याने तशीच कात्री उचलली. कापताना मनात काय होतं म्हणाल, तर दुकानाचं शटर. ते अडकतं, तेल घालायचं राहिलं होतं.

मग घरी शिवताना त्याला एक वेडी आशा लागली. चोळी चुकू दे. चारचौघांत नाक कापलं जाऊ दे. म्हणजे ती बघत होती, रागावली, एवढं तरी कळेल. आईचा धपाटा बसला तरी आई घरात आहे हे पोराला कळतंच की.

घटस्थापनेला पुजाऱ्यांनी पडद्याआड चोळी चढवली आणि पडदा सारला. चोळी चपखल बसली होती. खांद्यावर सुरकुती नाही, बंदांना ओढ नाही. सरस्वतीबाईंनी त्याचे हात आपल्या डोळ्यांना लावले. "आई तुझ्या हातात राहते रे," त्या म्हणाल्या.

विनोदकुमारने आपले हात बघितले. हे हातच कापत होते तर, पहिल्यापासून. त्याला या एका वर्षाचं दुःख होतं; आता मागची एकतीसही गेली. त्याला रडू फुटलं, आणि ते बघून दोन बायका त्याच्या पाया पडल्या. कुणाला काय सांगणार?

घरी जाताना भार्गवी म्हणाली, "अप्पा, पुढे हे मलाच करायचंय ना. ती सांगते म्हणजे नक्की कसं सांगते?"

सिग्नल लागला तशी दोघं थांबली.

"बसून राहायचं," मग तो म्हणाला. "काटा येतो."

"आणि नाही आला तर?"

"येतो गं," विनोदकुमार म्हणाला, आणि रस्ता ओलांडायला त्याने तिचा हात धरला. ती चोवीस वर्षांची होती.