चार दारांचं कुलूप

काकाच्या गाडीला चार दारं होती आणि चारही एका किल्लीने उघडत. ड्रायव्हरच्या दारात किल्ली फिरवली की बाकीच्या तिन्ही दारांतून एकदम 'खट' असा आवाज येई आणि काचेच्या कडेचे खटके आपोआप वर उडत. ऐंशीच्या दशकाच्या त्या शेवटच्या वर्षांत रत्नागिरीत अशा गाड्या किती होत्या मला ठाऊक नाही, आमच्या आळीत ती एकच. जुनी जपानी गाडी, आखातातून परतलेल्या एका माणसाकडून काकाने मुंबईत घेतलेली. बाबांना तिचं कौतुक नव्हतं. ते कामगार संघटनेचं काम करत. आमच्या घरात तांदळापेक्षा पत्रकांच्या गठ्ठ्यांनी जास्त जागा अडवलेली असे, आणि मी अक्षरंसुद्धा त्या पत्रकांवरच शिकले. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा बाबा म्हणाले, "एकाने किल्ली फिरवायची आणि बाकीच्यांनी मुकाट उघडायचं. यात नवीन काय आहे?"

काका नुसता हसला. तो बाबांचा धाकटा भाऊ, बोटीवर इलेक्ट्रिशियन. बावीस वर्षं त्याने इंजिनाशेजारी काढली. त्या वर्षी पावसाळ्याआधी कंपनीच्या डॉक्टरने त्याचे कान तपासले आणि त्याला पुन्हा बोटीवर घेतलं नाही. अशा आवाजात बावीस वर्षं राबलेल्या माणसाला कमी ऐकू येतं, हा शोध कंपनीला त्याला काढायच्या दिवशी लागला. मी तेव्हा कॉलेजात होते. संतापून मी त्याच्यावर एक पत्रक लिहिलं, बाबांनी ते छापून आणलं. काकाने ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "चांगलं लिहिलंयस गो. पण यात मी मेल्यासारखा वाटतोय."

त्याला काम हवं होतं. जानेवारीत लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं पत्र आलं. विजेच्या देखभालीसाठी माणूस घ्यायचा होता. मुलाखतीऐवजी परीक्षा होती. एका फळ्यावर तारांची जोडणी करून तिच्यात मुद्दाम बिघाड ठेवलेले असतात, दोन तासांत ते शोधून काढायचे. पुढच्या मंगळवारी अकरा वाजता हजर राहायचं होतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी गाडीचं कुलूप रुसलं. किल्ली फिरवली, ड्रायव्हरचं दार उघडलं, बाकीची तीन गप्प. दुपारी पाहिलं तर चारही व्यवस्थित. शुक्रवारी सकाळी पुन्हा तेच.

"हे शोधता आलं तर मंगळवारी जाईन," काका काकीला म्हणाला. "नाही आलं तर तिकडे जाऊन हसं कशाला करून घ्यायचं?"

"कुलपाचा आणि नोकरीचा काय संबंध?"

"बोटीवर मी कानाने बिघाड ओळखायचो. आता घरच्या गाडीतला ओळखता येत नसेल तर त्या लोकांनी मला का घ्यावं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते पत्रकात लिहून झालं होतं.

गाडी रात्री रस्त्याकडेला फणसाखाली असे. काकी पहाटे उठून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, शेणाचा सडा घाली आणि तो वाळेपर्यंत तिथे कुणी पाऊल टाकायचं नाही, हा नियम होता. त्यामुळे गाडी अंगणात घ्यायला साडेदहा वाजत आणि काम सुरू होईपर्यंत दारांचा पत्रा चांगला तापलेला असे.

पहिल्या दिवशी, शुक्रवारी, मागचं डावं दार खोललं. काच वरखाली करायच्या हँडलमागे एक तारेची क्लिप असते. काकाने तिथे जुन्या लुगड्याची चिंधी घालून इकडून तिकडे ओढली, तेव्हा क्लिप उडून शेवंतीच्या कुंडीत पडली. ती शोधणं हे माझं पहिलं काम. मग आतला पुठ्ठा निघाला, त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद निघाला आणि दाराचं पोट दिसलं: अंगठ्याएवढी मोटर, तिला जोडलेली सळई, सळईच्या टोकाला कुलूप. काकाने एका छोट्या बल्बला दोन तारा बांधून दिवा केला होता. तो लागला की वीज पोचली. मोटरीचा आवाज मात्र त्याला ऐकू येत नसे. म्हणून मी दाराला कान लावून बसायचं आणि तो किल्ली फिरवायचा.

"आला?"

"आला."

दिवा लागला, आवाज आला, खटका वर उडाला. काहीच बिघडलेलं नव्हतं. काकाने सगळं परत बसवलं. मी विचारलं की सकाळी हाताने ओढला तर खटका इतका जड का लागतो. तो म्हणाला, "त्याच्यामागे मोटर जोडलेली असते ना, म्हणून." मला पटलं. बावीस वर्षं विजेत घालवलेल्या माणसाचं म्हणणं न पटायला काय झालं?

शनिवारी सकाळी पुन्हा तिन्ही दारं बंद. किल्ली फिरवून काकाने फणसाखालीच विचारलं, "आला?" मी म्हटलं, "आला." मग त्याने स्टिअरिंगखालची फ्यूजची पेटी काढली, सगळे सांधे पॉलिश पेपरने घासले, दोन ठिकाणी कथलाचा डाग दिला. जोडणीचा नकाशा त्याने माझ्याच पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर काढला होता. दुपारी दारं उघडली, रविवारी सकाळी नाही.

काकी पाट्यावर वाटण वाटता वाटता म्हणाली, "चार दारं, चार दिवस. विमान असतं तर?"

जेवताना काकाने जाहीर केलं की तो मंगळवारी जाणार नाही. "कान गेले की माणूस अंदाजपंचे काम करतो. त्यांच्या कारखान्यात रसायनं आहेत. तिथे अंदाज नको."

मी ताटावरून उठायचीच बाकी होते. म्हटलं, "काका, ज्यांनी तुझे कान घालवले त्यांनी तुला काढलं, आणि आता तूच त्यांची बाजू घेतोयस. हा अन्याय आहे!"

"हो गो बाय, अन्यायाचं तू बघ," तो शांतपणे म्हणाला. "मला फक्त आवाजाचं सांग. सकाळी आला म्हणालीस. कसला आला?"

"म्हणजे?"

"खट आला?"

मी आठवून पाहिलं. "खट नव्हता. बारीक गुरगुर होती. जात्यात खडा अडकल्यासारखी."

"दुपारी?"

"दुपारी खट."

काकाचा हात भातातच राहिला. "हे कालच का नाही सांगितलंस?"

"तू विचारत होतास, आला का. मी सांगत होते, आला."

तो रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्यांच्या अर्धवट बोलण्यावर मी पानंच्या पानं लिहीत असे, आणि ज्याला माझ्या कानांची गरज होती त्याला मी तीन दिवस हो किंवा नाही एवढंच देत होते.

"म्हणजे वीज पोचतेय," काका बोटाने ताटाच्या कडेवर रेघ ओढत म्हणाला. "मोटर जोर लावतेय. पुढे कुलूपच कोणीतरी धरून ठेवलंय. आणि तेही फक्त सकाळी. आपण रोज उन्हात उघडतो, तेव्हा ते सुटलेलं असतं. उद्या उजाडताच उघडायचं."

"उद्या सडा घालायचा नाही?" काकीने विचारलं.

मी तोंड उघडलं. स्वच्छता, रूढी, बाईचे श्रम, सगळं जिभेवर होतं. काकीने हात वर केला. "तू पत्रक काढू नको. अर्ध्या खळ्यात सडा घालते, अर्धं तुमच्या गाडीला."

सोमवारी सातला आम्ही गाडी ढकलत आत घेतली. हवेत गारवा होता, पत्रा हाताला थंड लागत होता. काकाने आता सवयीने दोन मिनिटांत दार उघडलं, टॉर्च आत धरला आणि मला म्हणाला, "बघ."

कुलपाच्या दातांवर पांढरा थर होता. लोण्यासारखा, मळलेला.

"ग्रीस?" मी विचारलं.

काकाने तो बोटावर घेतला आणि अंगठ्याने चोळला. चोळता चोळता त्याचं पाणी झालं. त्याने बोट नाकाशी नेलं. मग टॉर्च बंद करून तो दाराच्या उंबऱ्यावर बसला आणि हसायला लागला.

"खोबरेल," तो म्हणाला.

आमच्या घरात खंडेनवमीला कोयते, विळ्या, पहार यांची पूजा होते आणि पूजा झाली की घरातल्या प्रत्येक कुलपाला, कडीला, बिजागरीला खोबरेल घालतात. समुद्राचा वारा लोखंड खातो, त्यावर घरचं तेल हाच उपाय. आजी करत होती, म्हणून सगळे करत. काका बावीस वर्षांत त्या दिवशी क्वचितच घरी असे. त्या वर्षी होता. गाडीलाही हळदकुंकू वाहिलं आणि मग काचेच्या फटीतून चारही दारांत वाटीवाटी खोबरेल ओतलं, त्याने स्वतःच. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते मजेत वाहत होतं. जानेवारीत त्या आठवड्यात थंडी वाढल्यापासून सकाळी ते थिजत होतं आणि ऊन चढलं की पुन्हा पातळ होत होतं. ड्रायव्हरच्या दाराला तेवढा किल्ली फिरवणाऱ्या हाताचा जोर मिळत होता.

"बोटीवर कोणी यंत्रात खोबरेल घातलं असतं तर मी त्याला समुद्रात ढकललं असतं," काका म्हणाला. "घरी आलो आणि घरचा झालो."

काकी शेणाचे हात तसेच ठेवून बघायला आली. "अहो, माझी केसांच्या तेलाची बाटली रोज सकाळी उन्हात कोण नेऊन ठेवतं?"

"मी."

"कशाला ठेवता?"

काकाने मान खाली घातली. बाबा ओटीवरून हे ऐकत होते. ते इतके मोठ्याने हसले की शेजारच्या घराची खिडकी उघडली.

त्या दिवशी आम्ही चारही दारं उघडली. रॉकेलमध्ये जुना दातांचा ब्रश बुडवून प्रत्येक कुलूप धुतलं, फडक्याने पुसलं आणि शिलाई मशीनचं तेल थेंबथेंब सोडलं. खटका आता एका बोटाने उडत होता. मोटरीमुळे जड लागतो हे काकाचं म्हणणं चुकीचं होतं, आणि ते त्याने न विचारता कबूल केलं.

मंगळवारी पेट्रोल वाचवायला एस.टी.ने निघण्याआधी त्याने गार पडलेल्या गाडीच्या दारात किल्ली फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तीन आवाज," मी म्हटलं. "तिन्ही खट. मागचं उजवं जरा उशिरा, पण स्वच्छ."

त्याने पिशवी खांद्याला लावली आणि तो गेला.

संध्याकाळी तो परतला तेव्हा आम्ही सगळे ओटीवर होतो. फळ्यावरचे बिघाड त्याने वेळेआधी शोधले होते. मग साहेबाने विचारलं, बोट का सोडली? काकाने सरळ सांगितलं की कान गेले, उजवा जवळजवळ पूर्ण. प्लँटवर भोंगा ऐकू न येणारा माणूस चालणार नाही, असं साहेब म्हणाला, आणि काकालाही ते मान्य होतं. जळालेल्या मोटरी दुरुस्त करायचं वर्कशॉप वेगळं होतं, तिथे त्याला घेतलं. दिवसपाळी, सहा महिने तात्पुरता.

"तात्पुरता?" मी उसळले. "बावीस वर्षं काम केलेला माणूस तात्पुरता?"

"सहा महिन्यांनी ओरड," काका म्हणाला. "तेव्हा मीही ओरडेन."

पुढच्या सोमवारी तो वळकटी आणि हत्यारांची पेटी घेऊन लोट्याला राहायला गेला. शनिवारी परत आला तेव्हा त्याच्या हातांना व्हार्निशचा वास येत होता आणि दोन बोटं भाजलेली होती. मी विचारलं, माणसं कशी आहेत?

त्याने जरा विचार केला. "बरी आहेत. काही सांगायचं असलं की उठून समोर येतात आणि मग बोलतात."