दार उघडल्यानंतरचा सिनेमा

मुंबईत कुणालाच कुठलीही जागा लांब वाटत नाही. दादरला उतरल्यापासून ज्याला ज्याला पत्ता विचारला, त्याने हात लांब करून ‘हे काय, इथेच’ असेच सांगितले. त्या ‘इथेच’च्या मागे चालता चालता माझ्या नव्या चपलेने टाच सोलून काढली. आपल्याकडे माणूस निदान किती वावरं ओलांडायची ते तरी सांगतो.

मी कशाला गेलो होतो ते वाचनालयाच्या मंडळींना ठाऊक आहे, पण आपला वार्षिक अंक बाहेरगावीही जातो म्हणून सांगतो. मागच्या अंकात मी सिनेमाने आपल्या गावाला काय दिले यावर लेख लिहिला होता. तो दादरच्या एका सिनेमा अभ्यास मंडळाच्या सुप्रियाताईंच्या हाती पडला आणि त्यांनी मला बोलायलाच बोलावले. सातवीत शाळा सोडलेल्या, पंक्चर काढणाऱ्या माणसाला! तिकीट त्यांनी काढले, राहायची सोय लालबागला त्यांच्या काकांकडे केली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण एवढे उपकार डोक्यावर असले की माणसाला धड चिडताही येत नाही, आणि चिडण्यासारखे तर पावलोपावली होते.

बोलायचे होते ते मुख्यतः आपल्या गिरणीच्या सिनेमावर. संपात घरातून निघून गेलेला मुलगा आणि चाळीच्या खोलीत त्याची वाट बघणारी आई. तो गेल्यापासून ती दाराची आतली कडी लावत नाही. शेवटी पावले वाजतात, ती दार उघडते, तिच्या तोंडावर उजेड पडतो. तंबू टॉकीजचे मालक दरवर्षी जत्रेला हा सिनेमा लावत. शाळा सोडल्यावर मी त्यांच्याकडे पोस्टर चिकटवायला आणि दिव्यांचे बटण सांभाळायला लागलो. ‘दार उघडले की दिवे लाव,’ एवढेच त्यांनी शिकवले होते. आपल्याकडे ज्या घरचे पोर बाहेर कमवायला जाते, त्या घरची कडी लावत नाहीत, ती चाल या सिनेमापासूनची. माझा धाकटा भाऊ शंकर हैदराबादकडे गेला तेव्हापासून माझी आई लावत नाही. त्याचा फोन बंद झाल्यालाही आता काही वर्षे झाली.

लालबागला दत्ताकाकांनी सकाळी घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊ घातली. काका मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होते. सिनेमातल्या चाळीचा लाकडी जिना मला बघायचा होता, तसे बोललो. काका उठले आणि मला आपल्याच जिन्यात नेऊन म्हणाले, हाच तो. तेवढ्यात समोरच्या चाळीतले एक गृहस्थ पेपर घेऊन खाली आले. त्यांचे म्हणणे, शूटिंग त्यांच्याकडे झाले आणि सिनेमातल्या आईने चहा त्यांच्याच घरी घेतला.

“मेल्या, तेंव्हा तुमची चाळ रंगवक काढलली,” काका म्हणाले.

“आणि तुझो कठडो लोखंडी. सिनेमातलो लाकडी होतो.”

“बदललो तो मागसून.”

भांडण मिटावे म्हणून तिसऱ्या चाळीतल्या एका बाईंना विचारले, तर त्यांनी आम्हाला आपल्या जिन्यात नेले. एक जिना बघायला गेलो, तीन चढलो. सिनेमात जिन्याच्या वळणावर खिडकी आहे, ती एकातही नव्हती. टाच ठणकत होती. मनात आले, यांच्या आयुष्यावर सिनेमा निघाला म्हणतात, मग यांना जिन्याचा मान कशाला हवा?

दुपारी काका परळला त्यांच्या गिरणीच्या जागेवर घेऊन गेले. तिथे आता काचेची इमारत आहे. पहारेकऱ्याने फाटकाशी उभेही राहू दिले नाही, म्हणून समोरच्या फुटपाथवरून बघितली. माझ्या भाषणात भयपटांचाही भाग होता, तेव्हा गिरणीत भूत होते का असे विचारले. काका म्हणाले, होते तर. आधी ते पंचा नेसलेले, मुकादमासारखे दिसणारे होते. मग भुताचा एक सिनेमा आला आणि रातपाळीवाल्यांना एकदम पांढऱ्या साडीतली बाई दिसायला लागली. पंचावाला पुन्हा कुणाला दिसला नाही. हे ऐकून मी फार खूश झालो. भुतालासुद्धा सिनेमा बघून कपडे बदलावे लागतात, हा मुद्दा मुंबईतल्या कुणाही अभ्यासकाजवळ नसणार.

“आणि आता, काका?”

“आता खंयचा भूत? एसीत टिकणा नाय ता.”

तिथून सुप्रियाताईंनी गिरगावात बोलावले. विनोदी सिनेमे जिथे महिनोन् महिने चालत ते थिएटर दाखवते म्हणाल्या होत्या. त्याला कुलूप होते. ताईंनी शेजारच्या उपाहारगृहात साबुदाणावडा आणि पीयूष (श्रीखंडासारखे, पण पिण्याइतके पातळ) मागवले. वाढणाऱ्याने ताटली ठेवताना कुठल्यातरी जुन्या विनोदी सिनेमातले वाक्य टाकले. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी पुढचे वाक्य म्हटले, त्यापुढचे दोन कॉलेजच्या मुलींनी, मग गल्ल्यावरच्या मालकाने. सगळे हसून हसून बेजार. मी चमचा मागत होतो, तो शेवटपर्यंत मिळाला नाही. ताई कौतुकाने म्हणाल्या, बघा, विनोदी सिनेमा असा भाषेत मुरतो. मुरू दे, पण चमचा द्या.

संध्याकाळी दादरला मंडळाच्या खोलीत माझे भाषण झाले. भुताच्या साडीला लोक हसले. कडीची चाल सांगितली तेव्हा पहिल्या रांगेतल्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मग ताईंनी गिरणीच्या सिनेमाचा शेवटचा भाग पडद्यावर लावला. भाषणाला आलेले काका मागच्या रांगेतून उठून बाहेर गॅलरीत गेले. मला वाटले, विडी ओढायला गेले असतील.

पावले वाजली. आईने दार उघडले, तिच्या तोंडावर उजेड पडला. मी उठलो आणि भिंतीवरचे बटण दाबून दिवे लावले.

“अहो, काय करताय? संपला नाहीये अजून,” कुणीतरी म्हणाले.

ताईंनी दिवे घालवले. पडद्यावर दारात मुलगा नव्हता. त्याच्या गिरणीतले दोघे होते, एकाच्या हातात मुलाच्या चपला. आई त्यांच्या खांद्यांवरून मागे बघत राहिली. ते गेल्यावर तिने दार लावले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा कडी घातली. सिनेमा तिथे संपला.

मी खुर्चीला धरून उभाच होतो. एका तरुण प्राध्यापकांनी अगदी सभ्यपणे विचारले, “म्हणजे तुमच्या गावाची प्रथा अर्ध्या सिनेमावर उभी आहे, असं म्हणायचं का?” मी नुसते “जी” म्हणालो. ताईंनी लगेच चहा आणायला सांगितला, तेही उपकारच. मला मात्र तंबूच्या मालकांचा असा राग आला होता, की ते हयात असते तर फोन लावून शिव्या दिल्या असत्या.

काकांना विचारले, तुम्ही बाहेर का गेलात?

“दार वाजला की मी भायरच जातंय,” ते म्हणाले. “आमच्या मजल्यार संपात खराच वाजलला.”

सकाळचे तिन्ही जिने मग मला वेगळे दिसू लागले. आपली खोली कुणाच्या तरी ध्यानात राहिली, एवढेच ती माणसे भांडून सांगत होती. आणि मी खिडकी शोधत फिरलो.

परतीच्या गाडीत नागपूर येईपर्यंत एकच घोकत होतो: आईला सांगायचे नाही.

घरी पोचलो तेव्हा ती ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत होती. चहा झाल्यावर विचारले, “दाखवला का तिथं आपला सिनेमा?”

“हो.”

“पुरा?”

मी कपबश्या उचलायला लागलो. ती डाळीतून खडे काढत राहिली.

“पहिल्या दिवशीच्या खेळाले मी होती. शेवटी कडी लावते ते बाई. साऱ्या बाया रडल्या, उठेचनात. दुसऱ्या दिवसापासून मालकानं तेवढं काढूनच टाकलं.”

“मंग तू कडी काहून नाही लावत?”

“तिच्याकडं माणसं आली होती सांगायले. माह्याकडं आलं का कोणी?”

प्राध्यापकांच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून पाठवलेले नाही. हे आधी तुमच्यासाठी लिहितो आहे. त्या दिवशी बॅग आत ठेवताना दार मी पायाने नुसते लोटले.